पहाटे पाचला पट्टी उघडली पाहिजे: व्हीट एक हंगाम वापरल्यावर

वाशीच्या फळ मार्केटमध्ये एप्रिल-मेच्या दिवसांत पहाटे पाचला गाळ्यावर पाय ठेवायलाही जागा नसते. रात्रभर कोकणातून गाड्या उतरत असतात, हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या शटरला टेकलेल्या असतात, खाली सगळीकडे पेंढा. मागच्या वर्षी अशाच एका गाळ्यावर मी मेहताजींच्या, म्हणजे गाळ्याचा हिशेब लिहिणाऱ्यांच्या, शेजारी उपड्या पेटीवर बसले होते आणि त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत होते. फोनवर आमचं पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचं, ॲप उघडत होतं, म्हणजे पांढरं पान दिसत होतं. मेहताजींनी फोन गुडघ्यावर उलटा ठेवला, कार्बनचं पॅड ओढलं, शेतकऱ्याचं नाव, गाव, पेट्या, भाव लिहिला, पान फाडून दिलं आणि मग फोन पुन्हा उचलला. तेव्हा कुठे लॉगिनचं चक्र फिरायला लागलं होतं.

ते मला काही बोलले नाहीत. "सकाळी नेट जरा जड असतं मॅडम," एवढंच म्हणाले. नेट जड होतं हे खरंच, पत्र्याच्या शेडखाली दोन दांड्यांच्या वर सिग्नल जात नाही. पण ॲप त्याहून जड होतं आणि ते मी लिहिलेलं होतं. माझे वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी कामगार होते, पहाटेच्या एका मिनिटाची किंमत आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी कोपरखैरण्याला घरी येईपर्यंत मनात एकच होतं, हे पुढच्या हंगामाला असं राहता कामा नये.

म्हणून डिसेंबरमध्ये आम्ही ॲपची सगळी बांधणी व्हीट या वेब ॲप बांधायच्या साधनावर नेली. आता मे चालू आहे, हंगाम उतरणीला लागलाय. जे दिसलं ते लिहिते आहे, कारण मराठीत या विषयावर मला फार काही सापडलं नव्हतं आणि आपल्याकडे अशी छोटी, रोज पोटापाण्याला लागणारी ॲप लिहिणारे पुष्कळ जण आहेत.

आधी ॲप सुरू होतं म्हणजे नेमकं काय होतं ते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला मी हे फळ्यावर काढून दाखवते. पत्ता टाकला की सर्व्हरकडून पहिल्यांदा येतं ते एचटीएमएल. आमच्यासारख्या ॲपमध्ये त्यात जवळजवळ काही नसतं, एक रिकामी डिव्ह, म्हणजे पानावरची मोकळी चौकट, आणि एक स्क्रिप्टचा टॅग. ब्राउझर ते वाचतो, स्क्रिप्ट मागवतो, ती उतरते, मग ब्राउझरचं जावास्क्रिप्ट (जेएस) इंजिन ती वाचून कम्पाइल करतं, मग चालवतं. चालवताना आधी इम्पोर्ट केलेली मॉड्यूल्स, म्हणजे जोडून घेतलेल्या कोडच्या फाइली, एकेकदा धावतात, सगळ्यात आत असलेलं सगळ्यात आधी, आणि आपली मुख्य फाइल शेवटी. तिच्यात क्रिएटरूट आणि रेंडर, म्हणजे पडदा काढणाऱ्या रिॲक्ट या लायब्ररीला कामाला लावायच्या दोन आज्ञा. इथपर्यंत पडद्यावर काहीही नाही. मग रिॲक्ट पहिला पडदा काढतं, मग इफेक्ट, म्हणजे पडदा काढल्यावर चालायचा कोड, चालतात, आणि त्या इफेक्टमधून आपण सर्व्हरला विचारतो, हा माणूस कोण? उत्तर आलं की पुढचं, याचा गाळा कोणता? मग भाषेची फाइल. मग आजची आवक. आमच्या जुन्या ॲपमध्ये अशा चार हाका होत्या, पहिलीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी निघायची नाही. प्रत्येक हाक पत्र्याच्या शेडखालून बाहेर जाऊन परत यायची.

जुनी बांधणी २०२० मधली, क्रिएट रिॲक्ट ॲप या तेव्हाच्या साधनावरची. रिॲक्टच्या टीमनं ते १४ फेब्रुवारी २०२५ ला नव्या कामांसाठी अधिकृतपणे बंद केलं, तेव्हा घर बदलायचंच होतं. व्हीट निवडलं ते रिॲक्टच्याच माहितीत त्याचं नाव होतं म्हणून, फार संशोधन करून नाही. इव्हान यू यांनी ते २०२० मध्ये सुरू केलं, व्ह्यू हे फ्रेमवर्कही त्यांचंच. शब्द फ्रेंच आहे, अर्थ झटपट, उच्चार व्हीट. आमच्याकडे निम्मे लोक व्हाइट म्हणतात, चालतं. डेव्ह सर्व्हर, म्हणजे कोड लिहिताना ॲप दाखवणारा आपल्याच लॅपटॉपवरचा सर्व्हर, ५१७३ पोर्टवर उभा राहतो. रोमन पाचाचा व्ही, एकाचा आय, आणि सात-तीन हे टी-ई सारखे दिसतात, हे कळल्यापासून तो आकडा मी विसरलेले नाही.

काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवतो तो डेव्ह सर्व्हरचा वेग. जुन्या पद्धतीत आधी अख्ख्या ॲपचा गठ्ठा बांधून व्हायचा आणि मग पान दिसायचं, माझ्या लॅपटॉपवर सव्वा मिनिट. व्हीट त्या वेळी गठ्ठा बांधतच नाही. सर्व्हर लगेच उभा करतं आणि ब्राउझर जी फाइल मागेल तेवढीच तयार करून देतं, कारण आताच्या ब्राउझरला इम्पोर्ट स्वतःलाच कळतं. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं तीच पेटी उघडायची, अख्खी थप्पी नाही. बाहेरच्या लायब्ररी मात्र ते आधीच बांधून ठेवतं. काही लायब्ररी जुन्या कॉमनजेएस पद्धतीनं लिहिलेल्या असतात, त्या ब्राउझरला थेट कळत नाहीत. आणि काहींच्या पोटात शेकडो फाइली असतात, एकट्या लोडॅश-ईएसमध्ये सहाशेच्या वर मॉड्यूल्स आहेत. ती एकेक मागवत बसलं तर ब्राउझर तिथेच दमेल. हे आगाऊ बांधायचं काम आम्ही वापरतो त्या सातव्या आवृत्तीत ईएसबिल्ड नावाचं साधन करतं, ते गो भाषेत लिहिलेलं आहे आणि वेग कळण्यासारखा आहे. आमचं ॲप दुसऱ्या वेळेपासून दोन सेकंदांच्या आत समोर येतं.

बदलायला तीन दिवस लागले. जेएसएक्स (जेएसमध्येच लिहिलेली एचटीएमएलसारखी रचना) असलेल्या सगळ्या जेएस फाइलींची नावं बदलावी लागली, एन्व्हायर्नमेंटच्या, म्हणजे बाहेरून दिलेल्या सेटिंगच्या, नावांना आधी रिॲक्ट-ॲप असं लागायचं तिथे व्हीट लावावं लागलं, टेस्ट वेगळ्या हलवल्या. कंटाळवाणं काम, अवघड नाही.

पण या वेगाचा मेहताजींना काडीचा उपयोग नाही. हे ठळकपणे सांगते, कारण मी स्वतः आठवडाभर या भ्रमात होते की आपलं ॲप फास्ट झालं. फास्ट झाला होता तो माझा लॅपटॉप. गाळ्यावर जातं ते बिल्ड केलेलं, म्हणजे शेवटचं बांधून झालेलं ॲप, ते रोलअप नावाचं दुसरं साधन बांधतं, आणि आमचा पहिला बिल्ड जवळजवळ जुन्याएवढाच भरला, पावणेदोन एमबी. चंक, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्याची एक फाइल, ५०० केबीच्या वर गेला की व्हीट बिल्डच्या शेवटी पिवळ्या अक्षरांत इशारा देतं. बरेच जण मर्यादा वाढवून तो इशारा गप्प करतात. आम्ही तो वाचला आणि आत काय आहे ते उघडून बघितलं. पीडीएफची लायब्ररी, एक्सेलची लायब्ररी, आलेख काढायची लायब्ररी. आलेख फक्त शेठ बघतात, तेही महिनाअखेरीला. मेहताजींच्या फोनवर रोज पहाटे ते सगळं उतरत होतं. ही तीन डायनॅमिक इम्पोर्टनं बाजूला काढली, म्हणजे बटण दाबल्यावरच येतील अशी, तर पहिला गठ्ठा तिसऱ्या हिश्श्यावर आला.

आता व्हीटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जाहिरातीत ती फारशी कोणी सांगत नाही. इंडेक्स एचटीएमएल ही फाइल व्हीटमध्ये प्रोजेक्टच्या अगदी वर, पॅकेज जेसनच्या शेजारी असते, आणि सुरुवात तिथूनच होते. बिल्ड करतानाही व्हीट तीच फाइल वाचून त्यातल्या स्क्रिप्टच्या टॅगवरून पुढचं सगळं शोधत जातं. जुन्या बांधणीत ती पब्लिक फोल्डरमध्ये कुठेतरी पडलेली असायची, पाच वर्षांत मी ती दोनदा उघडली असेल. ॲप सुरू होतं कुठून, याचं माझं उत्तर "मुख्य जेएस फाइलीतून" असं असायचं आणि ते चुकीचं होतं. ॲप सुरू होतं त्या एचटीएमएलच्या पहिल्या ओळीपासून, आणि तिथून जेएस येईपर्यंतचा जो काळ आहे, मेहताजी पॅड ओढतात तो, त्याची जबाबदारी मी घेतलीच नव्हती.

फाइल डोळ्यांसमोर आल्यावर दोन गोष्टी सुचल्या. एक, रूटच्या डिव्हमध्ये पट्टीच्या फॉर्मचा साधा सांगाडा लिहिला. शेतकरी, गाव, पेट्या, भाव, खाली भाडं आणि हमाली वजा करायचे रकाने, आणि त्याला लागणारं सीएसएस तिथेच वर. पुरे दोन केबीही नाही. रिॲक्ट पहिल्यांदा रेंडर करताना रूटमधलं जुनं काढून टाकतं, त्यामुळे सांगाडा वेगळा पुसावा लागत नाही. दोन, त्याच फाइलीत एक छोटी साधी स्क्रिप्ट, मॉड्यूल नसलेली. ती उघडल्या-उघडल्या सर्व्हरला एकच हाक मारते आणि मिळालेलं प्रॉमिस, म्हणजे येणाऱ्या उत्तराची पावती, ब्राउझरच्या विंडोवर टांगून ठेवते. चार हाकांची उत्तरं सर्व्हर आता एकत्र देतो. मॉड्यूल स्क्रिप्ट मुळातच डिफर असते, एचटीएमएल वाचून झाल्यावर चालते, म्हणून ही साधी स्क्रिप्ट तिच्या बरीच आधी धावते. जेएसचा गठ्ठा उतरत असतानाच आजच्या आवकेची माहिती वाटेला लागलेली असते. रिॲक्ट उभं राहतं आणि टांगलेलं उचलून घेतं.

मेहताजींच्या फोनसारखाच, तीन जीबी रॅमचा एक जुना फोन मी विकत घेतला, तो केबलनं लॅपटॉपला लावून गाळ्यावरच क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये मोजलं. आधी अकरा सेकंद पांढरं पान. आता सव्वा सेकंदात सांगाडा आणि साडेतीन सेकंदांत टाइप करता येईल असा फॉर्म. गुगल पहिलं काहीतरी दिसायला १.८ सेकंद आणि मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंद हे चांगलं धरतं. पहिल्यात आम्ही बसलो, दुसऱ्यात अजून नाही.

यात व्हीटचं श्रेय किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर निम्म्याहून कमी. हाका एकत्र करणं कुठल्याही बांधणीत जमलं असतं. पण व्हीटनं दार समोर आणून ठेवलं म्हणून दाराकडे लक्ष गेलं. शिवाय बिल्डमध्ये ते मुख्य चंकला लागणाऱ्या बाकीच्या चंकसाठी मॉड्यूलप्रीलोडचे टॅग स्वतःच घालतं, म्हणजे एक उतरल्यावर दुसऱ्याची आठवण होणं टळतं. हे आम्हाला हातानं करायला लागलं असतं तर केलं नसतं.

आता ठेचा. पहिली आणि मोठी एप्रिलमधली, पूर्ण माझी चूक. रात्री साडेअकराला नवीन बिल्ड चढवला. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन, मग लागोपाठ सहा गाळ्यांचे. पट्टी भरून झाली, पीडीएफचं बटण दाबलं की पान पांढरं. सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप कालपासून उघडंच होतं. त्यांच्याकडची सुरुवात कालच्या बिल्डची होती, आणि त्यात पीडीएफच्या चंकचं नाव कालचं होतं. व्हीट फाइलींच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे खुणेची काही अक्षरं, घालतं, मजकूर बदलला की नाव बदलतं. बिल्ड करताना ते डिस्ट हे बिल्डचं फोल्डर आधी रिकामं करतं, आणि मी ते तसंच्या तसं सर्व्हरवर चढवून जुन्या फाइली पुसल्या होत्या. फोननं जुनं नाव मागितलं, सर्व्हर म्हणाला नाही, मागाहून येणाऱ्या त्या लेझी कम्पोनन्टची चूक वर रेंडरपर्यंत गेली आणि आम्ही एरर बाउंड्री, म्हणजे चूक अडवणारं कुंपण, न ठेवल्यामुळे रिॲक्टनं पडद्यावरचं अख्खं झाड उतरवलं. भरलेली पट्टी गेली. सहा माणसांनी पहाटे ती पुन्हा हातानं लिहिली.

यावर इलाज व्हीटच्या माहितीत लिहिलेला आहे, मी वाचला नव्हता. असा चंक सापडला नाही की व्हीट विंडोवर व्हीट-प्रीलोडएरर नावाची इव्हेंट देतं, ती ऐकून पान पुन्हा लोड करायचं. सोबत इंडेक्स एचटीएमएलला नो-कॅश हेडर, म्हणजे दर वेळी ताजी फाइल विचारली जाईल. आम्ही आणखी दोन गोष्टी केल्या. जुने चंक आता पंधरा दिवस सर्व्हरवर राहतात. आणि पट्टीतला प्रत्येक रकाना भरला की तो लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे फोनमधल्या ब्राउझरच्या साठ्यात, जातो, त्याशिवाय रीलोड करायचंच नाही. नुसती रीलोडची ओळ कुठूनतरी उचलून घालणाऱ्यांनो, आधी माणसानं टाइप केलेलं जपा. आणि बिल्ड आता दुपारी दोनला चढतो, मार्केट झोपलेलं असतं तेव्हा.

दुसरी ठेच. डेव्हमध्ये सगळं सुरळीत, बिल्डमध्ये पांढरं पान आणि कन्सोलवर एकच तक्रार, अमुक व्हेरिएबल इनिशियलाइझ व्हायच्या आधी वापरलं. दोन दिवस गेले. आमची स्टोअरची (ॲपची माहिती धरून ठेवणारी) फाइल एपीआयच्या (सर्व्हरशी बोलणाऱ्या) फाइलीला इम्पोर्ट करत होती आणि एपीआयची स्टोअरला. मॉड्यूल्स आतून बाहेर धावतात हे वर लिहिलंय, पण असं वर्तुळ झालं की कोणीतरी एक जण अर्धवट अवस्थेत दुसऱ्याला दिसतो. डेव्हमध्ये क्रम योगायोगानं बरा लागत होता. मी मॅन्युअलचंक्स वापरून फाइलींची वाटणी हातानं केली आणि तो क्रम बदलला. वर्तुळ तोडलं, मॅन्युअलचंक्स काढून टाकलं. या आवृत्तीत डेव्ह आणि बिल्ड वेगवेगळी यंत्रं बांधतात, म्हणून चढवायच्या आधी प्रिव्ह्यूची आज्ञा देऊन बिल्ड केलेलं ॲप स्वतः उघडून बघायचंच. आम्ही आता ते जुन्या फोनवरच बघतो.

जुन्या फोनचंही एक. सातवी आवृत्ती बिल्ड करताना ब्राउझर किमान क्रोम १०७ आहे असं धरून चालते. एका गाळ्यावरच्या हमालकाकांचा फोन त्याहून जुना निघाला. ब्राउझरला न कळणारं एक चिन्ह जरी आलं तरी अख्खी स्क्रिप्ट चालत नाही, आणि ती चूक ॲपच्या आतून पकडताही येत नाही, कारण ॲप सुरूच झालेलं नसतं. बिल्ड टार्गेट, म्हणजे ही किमान ब्राउझरची अट, खाली आणल्यावर आमचं भागलं. फार जुन्यांसाठी लेगसी नावाचं वेगळं प्लगिन आहे, ते दुसरा बिल्ड बनवतं. टार्गेट खाली आणल्यानं फक्त वाक्यरचना बदलते, नसलेली फंक्शन्स येत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

बाकीचं थोडक्यात. आमच्या आयकॉनची एक फाइल सगळे आयकॉन एकत्र एक्स्पोर्ट करायची. डेव्हमध्ये एका आयकॉनसाठी सगळ्या फाइली मागवल्या जायच्या, म्हणून आता थेट त्या-त्या फाइलीतून घेतो. व्हीट टाइपस्क्रिप्टमधले टाइप तपासत नाही, फक्त काढून टाकतं, तपासणी वेगळी चालवावी लागते. व्हीट ही अक्षरं पुढे लावलेलं आणि कोडमध्ये वापरलेलं एन्व्हायर्नमेंटचं प्रत्येक मूल्य बिल्डच्या वेळीच जेएसमध्ये छापलं जातं आणि ते कोणालाही वाचता येतं, गुप्त काही तिथे ठेवू नका. डेव्हमध्ये इफेक्ट दोनदा चालतात म्हणून नवीन मुलानं व्हीटला दोष दिला होता, ते रिॲक्टच्या स्ट्रिक्ट मोड या तपासणीच्या सोयीचं काम आहे.

आणि मराठी ॲप लिहिणाऱ्यांसाठी फाँट. आम्ही 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता हा फाँट वापरतो, चार वजनांत उतरवत होतो. देवनागरीत जोडाक्षरांमुळे ग्लिफ, म्हणजे अक्षरांचे आकार, पुष्कळ, फाइल लॅटिनपेक्षा बरीच मोठी. दोन वजनं ठेवली, युनिकोड-रेंज लावून देवनागरी आणि लॅटिन वेगळे केले आणि फाँट-डिस्प्ले स्वॅप दिलं. आता फोनमधल्या फाँटमध्ये अक्षरं लगेच दिसतात, मुक्ता मागाहून येतो. अक्षरं क्षणभर हलतात, मला ते खुपतं. मेहताजींना विचारलं तर त्यांना ते दिसलेलंच नव्हतं, त्यांचं लक्ष पेट्यांच्या आकड्यावर असतं.

नवीन ॲप सुरू करणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावं असं हे आहे, फुकट आहे, एमआयटी परवान्यावर. चालू ॲप हलवणाऱ्यानं मात्र हंगामाच्या तोंडावर हलवू नये, आमच्यासारखं थंडीत हलवावं. आठव्या आवृत्तीत ईएसबिल्ड आणि रोलअप या दोघांच्या जागी रस्टमध्ये लिहिलेलं रोलडाउन येतं, म्हणजे डेव्ह आणि बिल्डमधलं ते अंतर कमी व्हायला हवं. मला त्याची ओढ आहे. पण शेवटची हापूसची गाडी उतरेपर्यंत गाळ्यावरच्या ॲपला हात लावणार नाही. जूनमध्ये थप्प्या संपल्या, शेडखाली फक्त पावसाचा आवाज राहिला की तो जुना फोन घेऊन पुन्हा त्याच गाळ्यावर बसेन आणि मोजेन.